जनार्दन पाटलांची आठ अल्बमांची वही

जनार्दन पाटील यांना फसवलं गेलं. १९९४च्या डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळी साडेअकराची वेळ, ठाण्यातल्या एका शाळेचं सभागृह. स्टेजवर पाच खुर्च्या होत्या आणि पाटील त्यांतल्या एकाही खुर्चीत नव्हते. ते डाव्या बाजूला, पडद्याच्या आड, स्वतःच्या घरून उचलून आणलेल्या टेपरेकॉर्डरपाशी उभे होते. खूण झाली की बटण दाबायचं, एवढं काम त्यांना दिलेलं. ज्या पुस्तिकेचं प्रकाशन चाललं होतं, तिच्यातलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं त्यांनी लिहिलेलं होतं. कव्हरवर नाव दुसऱ्याचं होतं.

मी पत्रकं लिहिते. पहिल्या चार ओळींत मुद्दा सांगून टाकायचा, हे मला पत्रकं-मोर्चे काढणाऱ्या आमच्या मंडळात शिकवलंय. तो सांगितला. आता माणूस सांगते, कारण त्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या दोनेकशे लोकांना पडद्याआड कोण उभा आहे हे माहीत नव्हतं, आणि ज्या आठ-दहा जणांना माहीत होतं, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी त्या आठ-दहांपैकी एक.

सगळे त्यांना जनादादा म्हणायचे. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे उतरणारा रस्ता संपतो, तिथे त्यांचं घर. वडलांपर्यंत घरात होडी होती. मग खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं, मासा गेला, होडी उलटी पडून राहिली, आणि जनादादा त्याच कारखान्यांपैकी एकात कामाला लागले. कापडाचे रंग बनवणारा कारखाना. त्यामुळे त्यांच्या हातांना कायम रंग असायचा. एका आठवड्यात निळा, दुसऱ्या आठवड्यात किरमिजी. साबणाने जायचा नाही. बसस्टॉपवर उभे असले तरी लोक हातांकडे बघून सांगायचे की कंपनीत काय चाललंय.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलेले ती पत्रक वाटायला. साल नव्वद. कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि आमच्या मंडळाचं पहिलंच पत्रक खाडीच्या पाण्यावर होतं. त्यात मी लिहिलं होतं की खाडीचं पाणी रोज रक्तासारखं लाल होतं. जनादादांनी दारातच उभं राहून पत्रक वाचलं. लोक घेतात आणि घडी करतात. त्यांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग म्हणाले, "रोज लाल लिवलंस, ते खोटं हाय. लाल मंगलवारी सोडतात. आज पिवला. जा, बघून ये."

मी म्हटलं, दादा, मुद्दा तोच आहे ना.

"मुद्दा तोच हाय. पन कंपनीवाला पत्रक हातात घेऊन सोमवारी खाडीवर येईल आनि बोलेल, बघा, कुटं हाय लाल? मग तुजा मुद्दा पन गेला."

मी खाडीवर जाऊन आले. पाणी पिवळं होतं. परत आले तेव्हा घरातून एक आवाज येत होता, गिटारचा, पण मी तोवर ऐकलेल्या गिटारसारखा नाही. पत्रा घासल्यासारखा. त्यावर एक माणूस गात होता, तोही गायल्यासारखा नाही, स्वतःशी कुरकुरल्यासारखा. जनादादा म्हणाले, तुझं मी वाचलं, आता माझं तू ऐक. मी ऐकलं. मला काही कळलं नाही. "नायच कलनार," ते म्हणाले. "ही पयली हाय. पयल्या वेळेला त्या वाजवनाऱ्यांना पन कललं नव्हतं."

त्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना माझ्या जाहिरातीची गरज नाही, आणि हा लेख त्यांच्यावर नाही. परदेशातल्या एका पावसाळी कारखान्याच्या गावातले चौघं, त्यांतली ड्रम वाजवणारी एक बाई. ऐंशीच्या सुरुवातीपासून दर दीड-दोन वर्षांनी एक अल्बम काढत आलेले. रेडिओवर त्यांना कुणी लावत नव्हतं. इंग्रजी मासिकांत अशा बँडना अल्टरनेटिव्ह म्हणतात, हे मला नंतर कळलं. जनादादांना त्या शब्दाशी देणंघेणं नव्हतं. ते त्यांना 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी यंदा गप हायत." "मंडळींचं काय खरं नाय." आणि अल्बमना नुसते आकडे. पहिली, दुसरी, तिसरी, कारण त्यांच्या लेखी त्या कॅसेटच होत्या. त्यांचा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी होता. बोटीवरच्या कुणा इंजिनियरकडे मूळ रेकॉर्डी होत्या, त्यांवरून भाऊ कॅसेट भरून घ्यायचा आणि सुट्टीवर येताना आणायचा. घरच्यांसाठी साबण, चॉकलेटं, जनादादांसाठी मंडळी.

दहावी झालेला माणूस. इंग्रजी शाळेतलं, तेही विसरलेलं. गाणी समजावीत म्हणून त्यांनी जुनी डिक्शनरी आणली आणि एकेक शब्द कानाने पकडून त्यात शोधत बसायचे. स्पेलिंग माहीत नाही, उच्चार परक्यांचा, आणि शब्द गिटारखाली दबलेला. एका ओळीला एक रविवार जायचा.

रविवारी सकाळी त्यांच्याकडे जमायचं, हा रिवाज कधी पडला कुणास ठाऊक. मी गेले तेव्हा पाच-सहाजण होते, पुढे तीसेक जण येऊन जाऊन झाले. कल्याणहून यायचे, ठाण्याहून यायचे. जनादादा कॅसेट भरून द्यायचे, कोरी तुम्ही आणायची. पण एक अट होती. क्रमाने घ्यायचं. पहिली न्यायची, ऐकायची, परत येऊन काय ऐकलं ते सांगायचं, मग दुसरी. उडी मारायची नाही.

मंदा जोगळेकर नावाची एक मुलगी होती, कल्याणच्या बँकेत कारकून, तोंडाने फटकळ. तिला कुणाकडून तरी पाचवीतलं एक गाणं ऐकायला मिळालेलं आणि तिला पाचवीच हवी होती. तिने हे सरळ सांगितलं. जनादादांनी तिच्या हातात पहिली ठेवली.

"दादा, मी काय पहिलीतल्या मुलांबरोबर बसू?"

"बस. पाचवीतलं जे गानं तुला आवडलं ना, त्यात तो जे बोलतंय, ते पयलीत त्याला बोलता येत नव्हतं. ते बोलता येत नव्हतं हे आयकलं नाय, तर बोलला त्याची किंमत काय कलनार?"

मंदा चिडून गेली. तीन आठवड्यांनी परत आली आणि पहिलीवर अर्धा तास बोलली. तिच्यासारखं दुसरं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. जनादादांनी दुसरी दिली, तेव्हा ती म्हणाली, थांबा, अजून एक आठवडा पहिलीच राहू दे.

चौथा अल्बम कुणालाच आवडायचा नाही. खुद्द मंडळींनासुद्धा आवडत नसावा. संथ, रडका, एकसुरी. आमच्यात तो चेष्टेचा विषय होता. एका रविवारी कुणीतरी म्हणालं, दादा, चौथी वगळून तिसरीवरून पाचवीवर गेलं तर काय बिघडेल? जनादादा भाजी निवडत होते. निवडायचे थांबले नाहीत. म्हणाले, चौथी म्हणजे मंडळींचं आजारपण आहे. घरात कुणी आजारी असला की आपण भेटायला जातो ना, तिथे काय गंमत असते? बसायचं, आणि परत यायचं. तसं चौथी ऐकायची. त्या दिवसापासून चौथी वगळण्याचं कुणी बोललं नाही. आवडली मात्र कुणालाच नाही, हेही खरं.

कुसुमवहिनी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्या काळात स्वयंपाकघरात असायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. पण आतून भाकरी थापता थापता त्या सांगायच्या, "सहावी लावलीत वाटतं. काल कंपनीत भांडन झालं काय?" कारण भांडण झालं की ते सहावी लावायचे. नुसत्या ड्रमवरून त्यांना कळायचं. ड्रमवाल्या बाईवर त्यांचा जीव होता. "बाईचा हात जड हाय, पन येळेवर पडतंय." सातवी पहिल्यांदा लागली, तेव्हा आम्ही सगळे शब्दांत डोकं घालून बसलेलो. वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई कुटं गेली?"

जनादादा म्हणाले, बाईच वाजवते आहे.

"ही बाई नाय. हा कुनी बाप्या हाय. याला घाई हाय."

कॅसेटवर नावं नव्हती, त्यामुळे वाद तिथेच राहिला. चार महिन्यांनी भाऊ सुट्टीवर आला आणि त्याने सांगितलं की सातवीच्या आधी ती बाई बँड सोडून गेली. जनादादांनी त्याच दिवशी वहीत लिहिलं: 'सातवीत ड्रम बदलले. हे कुसुमने ओळखलं. मला ओळखता आलं नाही.'

ही ती वही. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कंपनीच्या स्टोअरमधली. जनादादा प्रत्येक अल्बम पहिल्यांदा ऐकला की त्याच दिवशी त्यात लिहायचे. पेन्सिलने नाही, बॉलपेनने, म्हणजे खोडता येऊ नये. वर अल्बमचा आकडा, कुणी आणला, ऐकायला कोण बसलेलं. खाली त्यांचं म्हणणं. आणि ज्याचं म्हणणं असेल त्याचं नाव. 'हा मुद्दा मंदाचा.' 'हे पत्रकवाली बोलली, मला पटलं नाही पण लिहून ठेवतो.' पत्रकवाली म्हणजे मी. आठ अल्बम, अकरा वर्षं, आणि एकही वाक्य त्यांनी दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर घातलं नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

आता सुहास. आडनाव लिहीत नाही; त्याचे आईवडील सज्जन आहेत, आणि ते आडनाव हवं असेल तर पुस्तिकेच्या कव्हरवर छापलेलं आहे. राहायला ठाण्याच्या नौपाड्यात. जाहिरातींचा मजकूर लिहायचा. मराठी उत्तम, इंग्रजी त्याहून उत्तम, बोलायला गोड. ब्याण्णवला आमच्यात आला. जनादादांना जे शब्द डिक्शनरीत सापडत नव्हते ते त्याने एका बैठकीत सांगून टाकले, आणि जनादादा लहान पोरासारखे खूश झाले. तिसरीतली एक ओळ ते नऊ वर्षं चुकीची ऐकत होते. सुहासने बरोबर करून दिली. ते उठून आत गेले आणि वहिनींना सांगून आले.

पुढची दोन वर्षं सुहास घरचाच झाला. वहिनी त्याच्यासाठी सुका जवळा वेगळा काढून ठेवायच्या, कारण त्याच्या घरी मासळी चालत नव्हती. जनादादा इतरांना कॅसेट द्यायचे, वही कुणाला द्यायचे नाहीत. तिथेच बसून वाचायची. सुहासला त्यांनी ती घरी नेऊ दिली. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात सुहास म्हणाला, दादा, हे असं वहीत मरून जाईल. मी टाइप करून घेतो, भाषा जरा सरळ करतो, आपण छापू. जनादादांनी मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, द्या की. हा माझा वाटा.

प्रकाशनाच्या आधी आठ दिवस सुहास घरी आला आणि म्हणाला, कार्यक्रमात मधूनमधून गाणी वाजवायची आहेत, तुमचाच टेप आणि तुमच्याच कॅसेट लागतील, तुमच्याइतकं नेमकं कुणाला लावता येणार? जनादादांना हे बरोबरच वाटलं. त्यांनी पांढरा सफारी इस्त्रीला दिला. वहिनींनी हिरवं लुगडं नेसलं आणि डोक्यात अबोलीचा वळेसर घातला. टेप चादरीत बांधून दोघं ठाण्याला आले. मी त्यांना गेटवर भेटले. जनादादांनी रंग जावा म्हणून हात रॉकेलने घासलेले, वास येत होता. ते म्हणाले, भाषण करायला लावतील काय ग मला? मी म्हटलं, लावतीलच.

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या, मी त्यांच्या शेजारी. पुस्तिका वाटल्या गेल्या. चांगला कागद, कव्हरवर गिटारचं चित्र, खाली सुहासचं नाव. मी पानं चाळली. मला कळायला दोन मिनिटं लागली. वहिनींनी पुस्तिका उलटसुलट केली, कव्हरवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "यात ह्यांचं नाव कंचं?"

मी सांगितलं, आत असेल. आत नव्हतं. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या आणि चहावाल्याच्या मधे, एक ओळ होती: 'कॅसेट पुरवल्याबद्दल श्री. जनार्दन पाटील, डोंबिवली यांचे आभार.'

मग सुहास उभा राहिला आणि त्याने सहाव्या अल्बमवरचं वाचून दाखवलं. तेवढा भाग माझा पाठ आहे, कारण तो आम्हा सगळ्यांचाच पाठ होता. 'शेवटचं गाणं संपत नाही, तुटतं. गाणारा ओळीच्या मधेच थांबतो. जेवता जेवता दारात कुणी हाक मारली की माणूस ताटावरून उठतो, तसा तो उठून गेलाय. परत येईल म्हणून आपण बसून राहतो. तो येत नाही.' सुहासने डावीकडे खूण केली. पडद्याआडून गाणं लागलं, चाललं, आणि मधेच तुटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढे त्याने सातवीवरचं वाचलं. 'जाणकार कानाला लगेच जाणवतं की ड्रम आता दुसऱ्या हातात आहेत.' वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ह्ये मी बोललेली."

कार्यक्रम संपल्यावर जनादादा पडद्याआडून बाहेर आले. पुस्तिका त्यांच्या हातात होती, शेवटच्या पानात बोट घातलेलं. वहिनींनी त्यांनाही तेच विचारलं, नाव कुठं आहे.

"हाय," ते म्हणाले. "मागं हाय." आणि टेप चादरीत बांधायला लागले.

मला विचाराल, मी काय केलं. मी पेढा खाल्ला. सुहास आमच्या मंडळाची पत्रकं बघून द्यायचा, मथळे सुचवायचा, त्याच्या ओळखीने आमचं छापून व्हायचं. महिन्याभरावर रस्त्यांचा मोर्चा होता. मी मनाशी म्हटलं, मोर्चा झाला की बोलू. मोर्चा झाला. नंतर गटारांचं काम निघालं. इतरांची कारणं त्यांना विचारा. एकट्या मंदाने त्याच दिवशी जिन्यात गाठून सुहासला विचारलं. तो म्हणाला, अगं, दादांना नावाची हौस नाहीये, त्यांनीच सांगितलं तसं. मंदाने जनादादांना जाऊन विचारलं. त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. पण सुहासला खोटं पाडायलाही ते तयार नव्हते. रविवार बंद झाले. कुणी बंद केले नाहीत, कुणी गेलं नाही एवढंच.

यानंतर जे झालं ते मला जास्त लागतं.

शहाण्णवमध्ये मंदाने सीडी प्लेअर घेतला आणि मुंबईच्या फोर्टातून मंडळींची सहावी आणली, मूळ कंपनीची. शेवटचं गाणं लागलं. जिथे ते तुटायचं तिथे ते तुटलं नाही. पुढे चालू राहिलं. गाणाऱ्याने ती अर्धी ओळ पुरी केली, गिटार खाली उतरली, आणि तो तीच ओळ शांतपणे म्हणत राहिला, जवळजवळ दोन मिनिटं. मंदाच्या लगेच लक्षात आलं. नव्वद मिनिटांची कॅसेट. एका बाजूला पंचेचाळीस. सहावी त्याहून लांब. भावाने एका बाजूला एक अल्बम भरला आणि टेप संपली तिथे मंडळी थांबली. आम्ही तिसांनी त्या कॅसेटवरून कॅसेट भरल्या आणि सगळ्यांनी त्याच ठिकाणी श्वास रोखले.

मंदा मला घेऊन त्यांच्याकडे गेली. सांगावं की नाही यावर आमचं रस्ताभर भांडण. ती म्हणाली, त्यांना खोटं चालत नाही, तुला पत्रकावरून माहीत आहे. ते आमच्याबरोबर कल्याणला आले. बसले नाहीत. उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर म्हणाले, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले:

"म्हंजे तो उठून गेलाच नव्हता. तो बसलेला. मीच उठलो."

आणि हसले. खोटं हसू नव्हतं. इतकी वर्षं दारात उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावल्यावर येईल तसं. जिना उतरताना म्हणाले, हे आजच वहीत लिहायला पाहिजे. सहावीवरचं चुकलं, खाली तारीख घालून लिहायला पाहिजे. मग पायरीवर थांबले. वही त्यांच्याकडे नव्हती. छापून झाल्यावर सुहासने ती परत केलीच नव्हती.

ते नौपाड्यात तीनदा गेले. कंपनीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. तिन्ही वेळा सुहासच्या आईने चहा दिला. एकदा तो बाहेर होता, एकदा झोपलेला, तिसऱ्यांदा भेटला आणि म्हणाला, दादा, वही छापखान्यात राहिली बहुतेक, छापखाना बंद झाला. जनादादांनी नाव मागितलं नाही. पुस्तिकेवर तुझं नाव राहू दे, म्हणाले, पण मला सहावी दुरुस्त करायची आहे, वही शोध. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना सुहासचीच बाजू घेतली, की त्याला बिचाऱ्याला कामं फार असतात.

त्याच सुमारास एका स्थानिक साप्ताहिकात कुणा वाचकाचं पत्र आलं. पुस्तिकेची खिल्ली उडवलेली. लेखकमहाशय टेप संपल्यावर तत्त्वज्ञान सांगत बसले, वगैरे. पुढच्या अंकात सुहासने उत्तर दिलं. ते कात्रण माझ्याकडे आहे. 'सदर मजकूर एका कारखान्यातील कामगाराने पुरवलेल्या सदोष कॅसेट व टिपणांवर विसंबून लिहिला गेला. त्या व्यक्तीच्या मर्यादा लक्षात न घेतल्याबद्दल मी दिलगीर आहे.'

वाचलंत? टाळ्या पडल्या तोवर वाक्य त्याचं होतं. चुकलं म्हटल्यावर ते कामगाराचं झालं. तेव्हा त्याला आठवलं की वही कुणाची होती. आणि आम्हा तीस जणांपैकी एकानेही त्या साप्ताहिकाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी तर त्या महिन्यात तीन पत्रकं काढली.

सत्त्याण्णवला कंपनी बंद झाली. खाडीकाठचं घर भावांच्या वाटण्यांत गेलं आणि जनादादा-वहिनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले. गेल्या महिन्यात मी आणि मंदा तिथे जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, प्लास्टरचा वास अजून गेलेला नाही. दार उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा हात पाहिले. रंग उतरलेला होता. सात-आठ वर्षांत मी त्यांच्या कातडीचा रंग पाहिला नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "आली पत्रकवाली. वाट चुकली काय?" मी चपला काढून आत गेले. तेवढं बोलायचा त्यांना हक्क आहे.

त्यांनी नवी वही आणलेली. तिच्यात सहावीवरचं लिहून झालं होतं, चूक कबूल करून, मंदाचं नाव घालून. बाकी पानं कोरी. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, दादा, मग सगळंच पुन्हा लिहा, पहिलीपासून. कॅसेट आहेत, वेळ आहे.

"नाय होत," ते म्हणाले. "बसलो मी. चार रविवार बसलो. पयली लावतो तर पुढचं सगलं माहीत हाय. मंडळी काय करनार, कोन सोडून जानार, सगलं. तवा जे कलत नव्हतं ते आता कलतंय, म्हंजे ते गेलं. पयल्यांदा एकदाच आयकता येतं. ते त्या वहीत होतं. पुस्तिकेत भाषा सरल केलीय, नावं काढलीत, ते तसं नाय ऱ्हायलं."

मंदाने पर्स उघडली आणि एक घडी केलेला कागद काढला. दुसऱ्या अल्बमवरचं टिपण. तिने एक्क्याण्णवमध्ये त्यांच्या ओटीवर बसून उतरवून घेतलेलं, तिच्या कॅसेटच्या डबीत राहिलेलं. जनादादांनी चष्मा लावला. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. एका ठिकाणी ते थांबले आणि हाक मारून वहिनींना बाहेर बोलावलं. 'कुसुम म्हणते, या गाण्यात पाणी चढतंय.' त्यांनी ते मोठ्याने वाचलं. दोघांनाही हे आठवत नव्हतं. त्यांनी कागद नव्या वहीत दुसरीच्या जागी ठेवला, पान दाबून सपाट केलं आणि आम्ही निघेपर्यंत वहीवर हात तसाच ठेवून बसले. आम्ही खाली उतरून वर पाहिलं तर खिडकीतही आले नाहीत. वाचत असणार.

आता तुम्ही. ज्यांनी त्या घरातून कॅसेट नेल्या त्या तीस जणांशी मी बोलते आहे, आणि तुम्हाला तुम्ही कोण ते माहीत आहे. मंदाने उतरवून घेतलं तसं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी उतरवून घेतलेलं, मी पाहिलंय. कुणी डबीत ठेवलं, कुणी पुस्तकात. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी, आठवी, आणि कुणालाच न आवडलेली चौथी. तुमच्यातले जे त्या सकाळी आले होते त्यांना टाळ्या वाजवायला हात होते. आज संध्याकाळी तेच हात माळ्यावर घाला, कॅसेटचं खोकं खाली काढा, तो कागद शोधा, आणि पोस्टाने न पाठवता स्वतः टिटवाळ्याला जाऊन जनार्दन पाटलांच्या हातात द्या.